गांजा ओढणाऱ्याला कोठडी नको, गांजाची दुकानंही नकोत



एखादी नटी किंवा बड्या बापाचा मुलगा पकडला गेला की गांजाचा प्रश्न आठवडाभर टीव्हीवर गाजतो. कॅनडाने केलं, जर्मनीने केलं, मग आपणही कायदेशीर करा, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, पिढी बरबाद होईल. आठवड्याने कॅमेरे दुसरीकडे वळतात. ज्यांच्यावर खरोखर केसेस पडतात, ती नाक्यावरची, पुलाखालची पोरं या चर्चेत कधीच नसतात. हे पत्रक त्यांच्यासाठी काढलं आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. सज्ञान माणसाने स्वतःपुरता गांजा बाळगला किंवा ओढला तर तो गुन्हा धरू नये. आणि तितक्याच ठामपणे सांगतो: गांजाचा धंदा कंपन्यांच्या हाती देऊ नये.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १९८५च्या अंमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातल्या कलम २७ प्रमाणे नुसता गांजा ओढला म्हणून सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम २० प्रमाणे एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी. किलोभर माल बाळगणारा आणि खिशात एक पुडी असलेला, दोघंही याच कलमात.

आमच्यापैकी काही जण फौजदारी वकिली करतात. या केसेस कशा चालतात ते त्यांनी जवळून पाहिलं आहे. संध्याकाळी रेल्वेच्या भिंतीलगत बसलेला पोरगा उचलला जातो. पंचनाम्यात मुद्देमाल लिहिलेला असतो : अर्धवट जळालेली सिगारेट एक, काडेपेटी एक. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, आरोपपत्र होतं, तारीख पडते. पोरगा नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा, नाहीतर हमाल, नाहीतर भंगार वेचणारा. दर तारखेला त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. कोणीतरी कानात सांगतं, ‘कबूल करून टाक, सुटशील.’ साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे? तो मान हलवतो. कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा होते, दंड होतो, आणि आपण सुटलो असं त्याला वाटतं. पुढे कधीतरी रिक्षाच्या बॅजसाठी किंवा सिक्युरिटीच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला की ती केस डोकं वर काढते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याची मांडवली चौकीतच होते. त्याच्या नावावर काहीच चढत नाही.

हे आमचंच निरीक्षण आहे असं नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांनी २०१७ आणि २०१८ साली निकाली काढलेली या कायद्याखालची दहा हजारांहून अधिक प्रकरणं तपासली. जवळजवळ सगळी सेवनाची निघाली, आणि त्यांतली सुमारे ८७ टक्के गांजा-चरसाची. पकडलेले बहुतेक रस्त्यावर नाहीतर झोपडपट्टीत राहणारे होते. विकणाऱ्यांना जेरबंद करण्यासाठी आणलेला कायदा या शहरात मुख्यतः ओढणाऱ्यांवर चालला. एकेका पंचनाम्यासाठी पोलिसांचे जे तास गेले, ते माल शहरात आणणाऱ्याच्या मागावर जायला हवे होते.

आता देशाचे आकडे. केंद्रीय सामाजिक न्याय खात्यासाठी एम्सने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात दारू पिणारे १६ कोटी. भांग, गांजा, चरस मिळून घेणारे तीन कोटींच्या आसपास, आणि त्यांतही गांजा-चरसवाल्यांपेक्षा भांगवाले जास्त. भांग या कायद्यात येतच नाही. फुलोऱ्याशिवायची पानं व्याख्येतून वगळली आहेत. उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. म्हणजे झाड तेच. पान खाल्लं तर प्रसाद, त्याच झाडाचा फुलोरा ओढला तर कैद. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात आखाड्यांत चिलीम उघडपणे फिरते आणि पोलीस तिथे गर्दी आवरत उभे असतात. साधूंना पकडा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण जी मुभा आखाड्याला मिळते, ती गोदाकाठच्या हमालाला का नाही, याचं उत्तर सरकारने द्यावं.

हा प्रश्न नवाही नाही. इंग्रज सरकारने १८९३ साली हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं. कमिशनने देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली कौल दिला : अति सेवन घातक आहे, माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, परवाने आणि कर लावून आळा घाला. त्या काळी आपल्या नगर जिल्ह्यात परवान्याने गांजाचं पीक घेतलं जात होतं. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारापायी आपण १९८५ साली उलट टोक गाठलं. पुढे डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात याच वनस्पतीला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिलं. नियंत्रण त्यानंतरही कायम आहे, पण तिची धोक्याची पायरी खाली आणायला आपलं सरकार तिथे तयार झालं. मग इथला पोरगा आरोपीच का राहतो?

या ठिकाणी आई-बाप आम्हाला थांबवतील, आणि त्यांनी थांबवावंच. गांजा निरुपद्रवी आहे असं आम्ही म्हणत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी रोज ओढायला लागलेल्या मुलाची स्मरणशक्ती, अभ्यास, कामाची उमेद यांवर परिणाम होतो. काहींना मनोविकार जडतो, आणि घराण्यात आधीच तसा आजार असेल तर धोका आणखी वाढतो. ज्या घराने हे सोसलं आहे त्याला आकडे ऐकवण्यात अर्थ नाही. पण त्याच घराला विचारा, मुलाला डॉक्टरकडे न्यायला उशीर का झाला? ‘पोलिसांना कळलं तर’ ही धास्ती उत्तरात असतेच. कायद्यात कलम ६४-अ आहे, उपचाराला तयार असलेल्या व्यसनी माणसाला ते खटल्यातून सूट देतं. पण त्यासाठी आधी त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा लागतो. उपचाराचा दरवाजा पोलीस ठाण्यातून उघडतो, ही या कायद्याची सगळ्यात मोठी चूक आहे. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, ते व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता. पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरतं बाळगणं फौजदारी गुन्ह्यांतून काढलं आणि अशा माणसाला न्यायालयाऐवजी समुपदेशक आणि वैद्यकीय जाणकारांच्या समितीपुढे न्यायला सुरुवात केली. तिथल्या वाटेवरून आपल्याला चालता येईल.

बंदीने माल मिळायचा थांबतो, अशी समजूत असेल तर कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पाहा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे.

मग खुली दुकानं का नकोत? कारण दारूने काय केलं ते या राज्यातल्या बायकांना विचारावं लागत नाही. आडव्या बाटलीसाठी मतदान करून गावातलं दुकान बंद पाडायला त्यांना किती झुंजावं लागलं ते आपण पाहिलं आहे. एकदा परवाने वाटले, महसूल सुरू झाला, की सरकारच ग्राहक वाढण्याच्या बाजूचं होतं. थायलंडने जून २०२२ मध्ये नीट कायदा तयार नसतानाच गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला. रस्तोरस्ती हजारो दुकानं उभी राहिली, आणि जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून मागे फिरायची वेळ आली. त्या मार्गाने आपण जायचं नाही.

ओढणं गुन्हा नाही आणि विकणं गुन्हा, तर माल आणायचा कुठून, असा रास्त प्रश्न येईल. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी तीन झाडं लावायची आणि बाहेर २५ ग्रॅमपर्यंत जवळ ठेवायची मुभा दिली आहे. तशी मर्यादित मुभा इथेही देता येईल. कुंडीतल्या झाडाची जाहिरात कोणी करत नाही.

शेतकऱ्याबद्दलही बोललं पाहिजे. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची रीतसर परवानगी मागितली. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून. सरकारी नियमांशिवाय लागवड केली तर झाडं किती हे न पाहता दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर भागात धाडी पडतात तेव्हा पीक उपटलं जातं, राबणारी माणसं आत जातात. ती शेती मुळात का केली गेली, याची नोंद पंचनाम्यात होत नाही.

आमच्या मागण्या अशा. संसदेने कलम २० आणि २७ मध्ये दुरुस्ती करून सज्ञान माणसाचं वैयक्तिक सेवन आणि अल्प प्रमाणात बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून वगळावं. अठरा वर्षांखालच्यांना देणारा, विकणारा, वाहतूक करणारा यांच्यावरचे गुन्हे आहेत तसे राहावेत. नुसत्या सेवनाच्या जुन्या शिक्षा चारित्र्य पडताळणीत धरू नयेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग असावा आणि तिथे आलेल्याचं नाव पोलिसांकडे जाऊ नये. आणि दुरुस्ती होईपर्यंत राज्याच्या गृहखात्याने सेवनाच्या केसेसचं लक्ष्य पोलीस ठाण्यांना देऊ नये.

यातलं काही अशक्य नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानेच अल्प प्रमाणात बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावं अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर दोन महिन्यांत संसदेत याच कायद्याची दुरुस्ती मंजूर झाली. तीही २०१४ साली राहून गेलेली एका कलमाच्या क्रमांकाची चूक सुधारण्यापुरती. ओढणाऱ्याचा प्रश्न होता तिथेच राहिला. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार जातात. तुमच्या खासदाराला पत्र लिहून विचारा, कलम २७ बद्दल त्यांचं म्हणणं काय आहे. उत्तर लेखी मागा, आणि आलं की चाळीच्या, सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.