सायबर गुन्हेगारीची 'नोकरी' आणि भाड्याने गेलेली खाती

विशेष प्रतिनिधी, नाशिक

पावसाळी पर्यटनासाठी प्रसिद्ध असलेल्या इगतपुरीतील एका रिसॉर्टवर ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन हंगामात, केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) छापा घातला, तेव्हा आत कॉल सेंटर सुरू असल्याचे आढळले. अमेरिका व कॅनडातील नागरिकांना दूरध्वनी करायचा, आपण ॲमेझॉनच्या मदत कक्षातून बोलत असल्याचे भासवायचे आणि गिफ्ट कार्ड किंवा आभासी चलनाच्या रूपाने पैसे उकळायचे, असा हा उद्योग होता, असे सीबीआयचे म्हणणे आहे. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाइल, सुमारे एक कोटी २० लाख रुपयांची रोकड आणि सात आलिशान मोटारी जप्त झाल्या. पाच जणांना अटक झाली. वृत्तपत्रांचे मथळे मोटारींवर गेले. परंतु या कारवाईतील सर्वांत बोलका आकडा ६२ हा आहे. छाप्याच्या वेळी ६२ कर्मचारी प्रत्यक्ष काम करीत होते. कोणी क्रमांक लावत होता, कोणी समोरच्याची माहिती पडताळत होता, तर कोणी व्यवहार शेवटास नेत होता. एखाद्या कार्यालयात असावी तशी ही कामाची वाटणी होती.

सायबर गुन्हेगार म्हटले की अंधाऱ्या खोलीत संगणकासमोर बसलेला, संकेतशब्द फोडणारा अतिहुशार मुलगा डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रातील गेल्या दोन दशकांतील मोठी प्रकरणे पाहिली तर या चित्राला फारसा आधार सापडत नाही. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एम्फसिस या बीपीओ कंपनीशी संबंधित तरुणांनी सिटीबँकेच्या न्यूयॉर्कमधील ग्राहकांची खाती रिकामी केली. रक्कम सुमारे साडेतीन लाख डॉलर होती. त्यासाठी कोणतीही संगणकीय करामत करावी लागली नव्हती. फोनवर गोड बोलून ग्राहकांकडूनच पिन क्रमांक काढून घेण्यात आले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथून लोकांना धमकावले जात होते. त्या रात्री शेकडो तरुण-तरुणींना ताब्यात घेण्यात आले. अटक झाली ती सत्तरजणांना. पुढच्या वर्षी पकडला गेलेला मुख्य सूत्रधार पंचविशीही ओलांडलेला नव्हता.

या मालिकेत कॉसमॉस बँकेचे प्रकरण वेगळे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या या सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रणाली सोडून बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून पैसे काढण्यात आले, तर १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळविण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मधील अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. येथे खरोखरच उच्च दर्जाचे तंत्रज्ञान वापरले गेले होते. मात्र ते वापरणारा एकही जण पुण्याच्या न्यायालयात उभा राहिला नाही. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून कमाल चार वर्षांची शिक्षा दिली. त्यांपैकी अनेकांचा भाग एटीएममधून पैसे काढण्यापुरता, म्हणजे हमालीचा होता. बुद्धी परदेशातली, हात इथले आणि तुरुंगही इथलाच.

हे हात लागतात कशाला? फसवणूक झालेल्या व्यक्तीने १९३० या मदत क्रमांकावर तातडीने तक्रार केली तर तिचे पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवता येते. त्यामुळे रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात फिरवून शेवटी रोखीत किंवा आभासी चलनात बदलणे टोळ्यांना भाग पडते. एकदा तक्रारीत आलेले खाते निकामी होते आणि नवे लागते. पोलीस आणि बँका जितक्या चपळ होतील तितकी खात्यांची मागणी वाढते, असा हा विचित्र बाजार आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले, तर २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एवढा पैसा वाहून नेण्यासाठी किती खाती लागत असतील? आणि ज्याच्या खात्यात आजवर पगारच जमा झाला नाही, त्याच्याइतके स्वस्त खाते दुसऱ्या कोणाचे असणार?

खाती कशी मिळविली जातात, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मालेगावच्या छावणी पोलीस ठाण्यात एक गुन्हा दाखल झाला. बाजार समितीत नोकरी लावून देतो असे सांगून एका व्यापाऱ्याने डझनभर तरुणांकडून आधार, पॅन व स्वाक्षऱ्या घेतल्या आणि त्यांच्या नावे नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मालेगाव शाखेत खाती उघडली, अशी तक्रार होती. अल्पावधीतच या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रकमेची उलाढाल झाल्याचे उघड झाले आणि सक्तवसुली संचालनालय तपासात उतरले. पैसा निवडणुकीसाठी आला होता काय, यावरून राजकीय धुरळा उडाला. तो कोठून आला, हे न्यायालयात ठरेल. मात्र ज्यांच्या नावावर ही उलाढाल झाली ते तरुण त्या धुरळ्यात कोणाला दिसलेच नाहीत.

'झटपट पैशाची हाव' हे अशा वेळी ठरलेले स्पष्टीकरण असते. मीरा रोडच्या सूत्रधारापुरते ते खरेही असेल. मालेगावच्या तक्रारीत मात्र हाव दिसत नाही, दिसते ती नोकरीची विवंचना. बाजार समितीतील नोकरी म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. इगतपुरीतील बासष्टजणांनाही सुरुवातीला 'इंग्रजी बोलता येणे आवश्यक' यापलीकडे काय सांगितले गेले असेल, असा प्रश्न पडतो. अर्थात, आपण करतो ते काय आहे, हे पहिल्या आठवड्यात कळलेच नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. कळल्यानंतरही माणसे थांबतात, याचे एक कारण पगार; दुसरे, फसवला जाणारा माणूस दिसत नाही. रस्त्यात पाकीट मारण्यास जो धजावणार नाही, तो कॅनडातील वृद्धेला तासभर फोनवर घाबरवू शकतो.

आग्नेय आशियात हाच धंदा नोकरीच्या जाहिरातीतून सुरू होऊन कोंडवाड्यात संपतो. म्यानमारमधील अशा केंद्रांतून सुटलेल्या २८३ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानाने थायलंडमार्गे परत आणावे लागले. पारपत्र काढून घेऊन, धाकदपटशाने त्यांच्याकडून फसवणुकीचे काम करून घेतले जात होते. ते गुन्हेगार की बळी, याचे उत्तर सोपे नाही.

कायद्यापुढेही ही अडचण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ ड नुसार तोतयेगिरीने फसवणुकीस तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र संघटित सायबर गुन्ह्यासाठी किमान पाच वर्षे ते जन्मठेप अशी तरतूद केली. टोळीचा सूत्रधार आणि पासबुक देऊन बसलेला मुलगा यांच्यात फरक कोण करणार? तो तपासातच व्हायला हवा; पण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असल्याने असे अधिकारी मोजकेच असतात आणि फायलींचा ढीग उंच.

तोपर्यंत त्या मुलाचे काय होते? तक्रार बहुधा परराज्यातील असते. तिथल्या पोलिसांच्या सूचनेवरून खाते गोठते आणि ते खुले करण्यासाठी त्याच पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करा, असे बँक सांगते. त्या खात्यात शिष्यवृत्ती जमा होत असेल तर तीही अडकते. दरम्यान चारित्र्य पडताळणीचा दाखला मागणारी नोकरी समोर आली, तर प्रलंबित गुन्ह्याची नोंद आडवी येते आणि पारपत्राच्या अर्जातही तिचा उल्लेख करावा लागतो.