लांबच्या कुंडीला गाडगंच बरं

उन्हाळा आला की प्रत्येक ग्रुपवर तोच व्हिडिओ फिरतो. बाटलीच्या टोपणाला भोक पाडा, कुंडीत उलटी खोचा, झालं ठिबक! दारातल्या कुंडीला चालतंय, कारण बाटली रिकामी झाली तर बघायला घरात माणूस आहे. मी बोलतोय ते माळावरच्या खोपीजवळ, सुट्टीत बंद असलेल्या शाळेत, स्मशानभूमीत, डोंगरावरच्या देवळापाशी पिंपात नाहीतर पिशवीत असलेल्या रोपांबद्दल. तिथं आठ-आठ दिवस कोण फिरकत नाही.

जमिनीतलं रोप मुळं खाली सोडून ओल शोधतं. पिशवीतल्या मुळाला जायला जागाच नाही, वर काळं प्लास्टिक चारी बाजूंनी तापतं. अशा रोपाला एक दिवसाचा खाडा पण महागात पडतो.

बाटलीचं भोक मोठं झालं तर पाणी दुपारपर्यंत संपतं, बारीक ठेवलं तर मातीनं बुजतं. सलाईनच्या नळीचं गणित कागदावर झकास आहे. 20 थेंबांना 1 मिली धरा. तीन सेकंदाला एक थेंब सोडला तर मिनिटाला 1 मिली, दिवसाला 1440 मिली. म्हणजे 15 लिटरचा कॅन दहा दिवस पुरायला पाहिजे. पण कॅनमधलं पाणी खाली जाईल तसा दाब कमी होतो, थेंब मंदावतो. पारदर्शक नळीत उन्हानं शेवाळ धरतं. चौथ्या दिवशी थेंब थांबला तर सांगणार कोण? आमच्याकडं माकडं नळ्या उपटतात ते वेगळंच. आणि दवाखान्यातली वापरलेली नळी तर आणूच नका, तो वैद्यकीय कचरा आहे.

काहीजण म्हणतील, बॅरल ठेवून ठिबक कर की. ठिबकला माझा विरोध नाही, उसाला मी पण वापरतो. पण साधा ड्रीपर साधारण 1 किलो दाबावर चालायला बनवलेला असतो. एक मीटर उंच ठेवलेल्या बॅरलचा दाब त्याच्या दहावा हिस्सा. पहिल्या कुंडीला पाणी, शेवटची कोरडी.

गाडग्याचं तसं नाही. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती सुकली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर आपोआप कमी होतो. वाफसा टिकतो. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या लिखाणात ही पद्धत आहे. आपल्याकडं करनालच्या केंद्रीय मृदा लवणता अनुसंधान संस्थेत आर. सी. मंडल यांनी 1970 च्या दशकात यावर प्रयोग केले. म्हणजे ही नुसती आजीबाईची गोष्ट नाही.

माझ्या खोपीजवळ अर्ध्या कापलेल्या पिंपांत लिंबू, कढीपत्ता, शेवगा आहे. प्रत्येकात 3 लिटरचं गाडगं गळ्यापर्यंत पुरलंय, वर पाचटाचा जाड थर. एप्रिलला चार-पाच दिवस जातात, मे महिन्यात तीन. जास्त दिवस जायचं नसेल तर कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्याची युक्ती करायची. 15 लिटरचा कॅन भरून त्याचं तोंड गाडग्याच्या तोंडात उलटं ठेवायचं, तीन काठ्यांनी बांधायचं. गाडग्यातली पातळी उतरली की कॅनमधनं तेवढंच पाणी येतं. माझा पंधरवडा निघतो. कॅनवर पोतं मात्र टाका, नाहीतर उन्हानं आतली हवा फुगून पाणी बाहेर ढकलते.

बारीक पिशव्यांना वेगवेगळी गाडगी कुठं पुरत बसणार? वीतभर खोल खड्डा, तळाला प्लास्टिकचा कागद, त्यावर वाळू, मधे एक मोठं मडकं पुरायचं आणि भोवती पिशव्या वाळूत टेकवायच्या. खालच्या भोकांतनं ओल वर चढते. वर सावली पाहिजेच.

गाडगं रंग दिलेलं, चकचकीत घेऊ नका. सकाळी भरून ठेवा, संध्याकाळपर्यंत बाहेरून ओलं झालं तर खरं. शिरोळकडच्या खारट पाण्यानं छिद्रं लवकर बुजतात, तिथं अधूनमधून काढून काथ्यानं घासावं लागतं. तोंडावर झाकण ठेवा, डास होतात.

आता कृषी आणि वन खात्यातल्या साहेबांना एक विनंती. 2019 ला राज्यात 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. रोपं, खड्डे, फोटो सगळ्याचा हिशोब होतो. रोपं लावतानाचे फोटो जुलैत येतात, मे महिन्यातले कोण टाकत नाही. लांबच्या जागेला रोपं देताना अंदाजपत्रकात रोपामागं एक गाडगं धरा. रोपं शंभराऐवजी साठ झाली तरी चालतील. गावच्या कुंभाराला पण काम मिळेल.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी गाडगी आत्ताच घेऊन ठेवा. पाऊस लागला की कुंभाराची भट्टी पेटत नाही.