फॉर्मवरचे चित्र शोभेपुरते नको

पेनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरले की एकाच बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू, लंबाडी अशा भाषा कानावर पडतात. महाराष्ट्राला लागून असलेल्या बेला, जैनद भागात तर मराठी घरोघरी बोलली जाते. इथल्या लोकांसाठी संगणकावर फॉर्म करायचा, तर एक-दोन भाषांतल्या मजकुराने भागणार नाही. प्रत्येक प्रश्नाशेजारी अर्थ सांगणारे चित्र हवे, आणि ते नीट बसवण्याचे शिक्षण प्रोग्रामिंगच्या पहिल्या धड्यांतच मिळायला हवे.

या देशाला हे नवे नाही. 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 17 कोटी मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर निवडणूक चिन्ह लावले. 2015पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटोही आला. निरक्षर मतदाराला दुसऱ्याच्या मदतीवाचून निर्णय घेता आला, तो चित्रामुळे.

संगणकावर अशी चित्रे लावणेही आता अवघड नाही. 1991मध्ये व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा आली आणि फॉर्म बनवणे सोपे झाले. टूलबॉक्समधून पिक्चरबॉक्स, म्हणजे चित्राची चौकट, ओढायचा, फॉर्मवर सोडायचा, प्रॉपर्टीमध्ये फाइल निवडायची. हे कोणताही विद्यार्थी पहिल्याच तासाला शिकतो. खरी अडचण पुढे येते. प्रोग्राम चालताना चित्र सी ड्राइव्हवरच्या एखाद्या फोल्डरमधून उचलायला सांगितले असेल, तर दुसऱ्या संगणकावर ते सापडत नाही. ते प्रकल्पाच्या रिसोर्सेसमध्येच ठेवले, तर प्रोग्रामबरोबर जाते. चौकटीत बसवण्यासाठी स्ट्रेच निवडले, तर माणसाचा चेहरा चपटा होतो. झूम निवडले, तर प्रमाण टिकते. मोबाइलवर काढलेला 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा फोटो मेमरीत उघडला की सुमारे 48 एमबी जागा घेतो. असे दहा फोटो एका फॉर्मवर ठेवले, तर जुना संगणक रखडणारच. फोटो आधी लहान करून घेणे हा खरे तर पाच मिनिटांचा धडा आहे.

चित्राची मर्यादाही याच जिल्ह्यात दिसते. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात गोंडीची स्वतंत्र लिपी सापडली. 2018मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. त्याआधी ही अक्षरे फॉर्मवर दाखवायची, तर त्यांचे चित्र चिकटवणे हा सोपा मार्ग होता. आजही संगणकात तिचा फॉण्ट नसेल, तर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात, म्हणून चित्राचाच मोह होतो. पण चित्रातल्या मजकुरात शोध घेता येत नाही, तो कॉपी करता येत नाही आणि दृष्टिहीनांचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. म्हणून मजकूर हा मजकूर म्हणूनच लिहावा, सोबत फॉण्ट द्यावा आणि चित्राने अर्थ दाखवावा. चित्राच्या वर्णनासाठी अ‍ॅक्सेसिबल डिस्क्रिप्शन ही प्रॉपर्टी असते. ती रिकामी सोडणे म्हणजे काही माणसांना फॉर्मबाहेर ठेवणे आहे.

चित्र कोणते निवडावे, हा प्रश्न तितकाच मोलाचा. ‘सेव्ह’साठी फ्लॉपीचे चित्र ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. ज्या मुलीने फ्लॉपी कधी पाहिलीच नाही, तिला त्यातून काय कळणार? पिकाच्या रकान्याशेजारी इंटरनेटवरून उचललेले परदेशी शेत नको, आदिलाबादच्या काळ्या मातीतला कापूस हवा.

उटनूरची एकात्मिक आदिवासी विकास संस्था आणि जिल्ह्यातली तंत्रशिक्षण केंद्रे यांनी हे काम एकत्र हाती घ्यावे. विद्यार्थ्यांनी गावातल्या वस्तूंचे, पिकांचे, कागदपत्रांचे फोटो स्वतः काढावेत, फॉर्ममध्ये बसवावेत आणि इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजारात गोंडी-कोलामी बोलणाऱ्या माणसांपुढे ठेवावेत. कोणत्या चित्रावर माणूस अडखळला, याची नोंद करावी. ती चित्रे बदलल्याशिवाय फॉर्म कोणत्याही कार्यालयात वापरायला देऊ नये.