दिव्यत्व नको, लेखनिक द्या!

आपल्या विद्यापीठांना अपंग विद्यार्थी दोनच वेळा आठवतो. एक 3 डिसेंबरला, आणि दुसरे नॅकची समिती येणार असली की. मग रॅम्पला रंग लागतो, व्हीलचेअरवरची धूळ झटकली जाते, फोटो निघतात. समिती गेली की व्हीलचेअर स्टोअररूममध्ये आणि विद्यार्थी जिन्याखाली!

आमचा पहिला आक्षेप शब्दावरच आहे. 2015 पासून ‘दिव्यांग’ हा शब्द वरून लादला गेला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेकांनी त्याला विरोध केला. आम्हाला ही चाल जुनी आहे. ‘हरिजन’ शब्दाच्या निषेधार्थ बाबासाहेब 1938 साली सहकाऱ्यांसह मुंबई विधिमंडळातून बाहेर पडले होते. माणसाला देवाशी जोडले की त्याला हक्क द्यावे लागत नाहीत, हार घातला की भागते.

आता कायदा पाहू. 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा अपंगांसाठी राखीव आहेत. कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतीही, नियम निघाल्यापासून 5 वर्षांत, अपंगांना वावरता येतील अशा करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये निघाले, मुदत जून 2022 मध्ये संपली. विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, याला आता ‘गैरसोय’ म्हणू नका. तो कायदाभंग आहे.

प्रवेश मिळाला तरी शिक्षण मिळत नाही. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर युनिकोड मराठी वाचतो, पण नोट्स मिळतात जुन्या फॉन्टमध्ये नाहीतर झेरॉक्सच्या फोटोंची पीडीएफ करून. युनिकोडमध्ये टाइप करायला निधी लागत नाही. पुस्तके वाचनीय स्वरूपात आणायला 2012 पासून कॉपीराइट कायद्याचीही आडकाठी नाही. कर्णबधिरासाठी वर्गात दुभाषी नसतो. परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ द्या, असे केंद्राच्या 2018 च्या सूचना सांगतात. तरीही परीक्षा तोंडावर आली की विद्यार्थी लेखनिकासाठी दारोदार फिरतो. 40 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असले तरी गरज असल्यास लेखनिक नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच सांगितले आहे. परीक्षा विभागाच्या खिडकीपर्यंत तो निकाल पोहोचायचा आहे.

यावर उत्तर येते, “असे विद्यार्थी आहेतच किती?” हा युक्तिवाद आम्ही ओळखतो. राखीव पदे रिकामी ठेवून ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ म्हणणाऱ्यांचाच हा युक्तिवाद. लिफ्ट नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून लिफ्ट बसवायची नाही!

आणि यात जात आहेच. पैसेवाल्या घरचा अपंग मुलगा गाडी, लेखनिक, खासगी शिकवणी विकत घेतो. विद्यापीठाची उणीव बापाच्या खिशातून भरून निघते. वस्तीतून आलेल्या आमच्या अपंग मुलीकडे थकलेली शिष्यवृत्ती असते आणि रोजचे रिक्षाभाडे. विद्यापीठाने हात झटकले तर तिचे शिक्षण तिथेच थांबते. म्हणून हा प्रश्न आमच्या चळवळीचा आहे. अपंगांनाही अनुसूचित जाती-जमातींइतक्याच सवलती मिळायला हव्यात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये उचलून धरले आहे. हे दोन लढे एकमेकांच्या वाट्यावर उठलेले नाहीत.

आमच्या मागण्या साध्या आहेत:

1. 5 टक्के जागांपैकी किती भरल्या, हे प्रवर्गनिहाय दरवर्षी जाहीर करा.
2. लेखनिकांची यादी आणि मानधन विद्यापीठाने सांभाळावे.
3. सर्व अभ्याससाहित्य युनिकोडमध्ये द्या.
4. लिफ्ट बसेपर्यंत वर्ग तळमजल्यावर आणा. त्यासाठी टेंडर लागत नाही.
5. समान संधी कक्षात अपंग विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घ्या, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे असलेच पाहिजेत.

सिनेटमधल्या आपल्या प्रतिनिधींनी येत्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारावा. विद्यार्थी संघटनांनी कुलगुरूंना निवेदन देऊन लेखी उत्तर घ्यावे. ‘शिका’ हा आदेश बाबासाहेबांनी फक्त जिना चढू शकणाऱ्यांना दिलेला नाही.

जय भीम!