वेशीवरचे जागले

शुक्रवारची संध्याकाळ. पुण्याहून गावी, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याला निघायचं होतं. बॅग भरली, आजीसाठी बाकरवडी घेतली आणि नेमकं नाक गळायला लागलं. अंगात कणकणही. आईला फोन केला, "काळजी करू नको गं, फ्लूची लस घेतलीय मी." ती शांतपणे म्हणाली, "तुझं ठीक आहे रे. आजीचं काय?"

बोलती बंद!

आजीच्या गोष्टींत एक जागल्या असायचा. रात्रभर वेशीवर बसणारा, चोराचा चेहरा न विसरणारा. जिंतूरहून फौजदार यायच्या आत हा काठी घेऊन हजर. मंडळी, आपल्या शरीराचीही हीच सिस्टिम आहे. त्वचा, नाक, फुप्फुसं, आतडी या शरीराच्या वेशी. तिथे काही टी पेशी कायमचं बिऱ्हाड थाटतात. एकदा येऊन गेलेला विषाणू त्या लक्षात ठेवतात आणि तो परत आला की रक्तातली कुमक पोचण्याआधीच कामाला लागतात. एकट्या त्वचेत सुमारे २,००० कोटी टी पेशी असतात, रक्तातल्यांच्या जवळपास दुप्पट!

मग दंडावरची सुई? ती रक्तात उत्तम फौज उभी करते, त्यामुळे दुखणं सहसा गंभीर होत नाही. पण नाकातला पहारा तुटपुंजाच राहतो. म्हणजे मी दोन दिवसांत टुणटुणीत, आणि विषाणू माझ्या नाकातून थेट आजीकडे.

यावरच उपाय म्हणून नाकातून द्यायच्या लशी निघाल्या. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. पुढच्याच वर्षी पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची 'नेझोव्हॅक' आणली. २०२३ मध्ये कोविडसाठी भारत बायोटेकची 'इन्कोव्हॅक' आली. अर्थात जागलेही थकतात. त्वचेतले वर्षानुवर्षं टिकतात, फुप्फुसांतले मात्र काही महिन्यांत विरळ होतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

थोडक्यात काय, लस घ्यायचीच, पण 'साधी सर्दीच तर आहे' म्हणत घरच्या म्हाताऱ्या माणसांना मिठी मारायची नाही.

मी तिकीट रद्द केलं. आजी फोनवर रुसली. म्हटलं, "आजी, पुढच्या शनिवारी नक्की. नाक कोरडं झालं की आलोच."

बाकरवडी? ती नवीन घेईन. जुनी संपली.