एम-थ्रीची वही

चाकणची कंपनी बस सकाळी सव्वासहाला नाशिक फाट्यावर येते. तिच्यात दोन प्रकारचे लोक असतात. तोंड उघडं टाकून झोपणारे आणि इअरफोन लावून झोपेचं सोंग घेणारे. मी दुसऱ्या गटातला. पण परवा आमच्या लाइनवरचा एक ज्युनियर शेजारी येऊन बसला आणि भोसरी यायच्या आत त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "सर, लागलं!"

थेट दुसऱ्या वर्षाच्या कॅप राउंडमध्ये त्याला मेकॅनिकलची सीट लागली होती. मी अभिनंदन केलं, पार्टी मागितली. तो गप्प. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला, आणि मग हळूच म्हणाला, "जाऊ का?"

प्रश्न साधा नाही. पोरगा एकवीस वर्षांचा. दहावीनंतर डिप्लोमा केला, दोन वर्षं झाली नोकरीला. घरात दर महिन्याला नेमाने येणारा पगार त्याचा एकट्याचा. वडिलांची रिक्षा, बहिणीची बारावी. आता तीन वर्षं पगार सोडून पुन्हा सॅक पाठीला लावायची?

ज्यांना हा रस्ता ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं. आयटीआय झालेली पोरं तर डिप्लोमाच्याही दुसऱ्या वर्षात शिरतात. आता गणित बघा. अकरावी-बारावी दोन आणि डिग्रीची चार, झाली सहा वर्षं. डिप्लोमाची तीन आणि डिग्रीची तीन, तरी सहाच! तरीसुद्धा लग्नाच्या पंगतीत 'मुलगा डिप्लोमा करतोय' म्हटलं की समोरचा "असू दे, असू दे" म्हणतो. जणू पोराला कावीळ झालीय.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. तिचा मुलगा कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात आहे. कम्युनिटी कॉलेज. तिथे दोन वर्षं कमी फीमध्ये शिकून मग युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर घ्यायची, अशी तिकडची सरळ पद्धत. पण बाईसाहेब फोनवर 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द ज्या आवाजात उच्चारतात ना, डिट्टो आमच्या आत्याचा 'डिप्लोमा'! मराठी माणूस सातासमुद्रापार गेला तरी पंगत सोबत नेतोच.

आणि गंमत म्हणजे, ज्या सीओईपीचं नाव घेताना आपल्या सगळ्यांची मान ताठ होते, ते १८५४ साली सुरू झालं तेच मुळी सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करायला. डिग्री मागाहून आली. हे मी आत्याला सांगितलं. तिने मला भाजी वाढली.

असो. माझं सांगतो. वडील भोसरीत फिटर. बारावी, क्लास, सीईटी हा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून डिप्लोमा. पहिलं वर्ष फायलीने लोखंड घासण्यात आणि ड्रॉइंग शीट खोडण्यात गेलं. पास झालो, ट्रेनी म्हणून चिकटलो, पहिल्या पगारात आईला मिक्सर घेतला. सगळं मस्त! दुसऱ्या वर्षी एक नवा डिग्रीवाला ट्रेनी आला. त्याला मशीन मी शिकवलं, सेटिंग मी दाखवलं. वर्षभराने माझ्या रजेच्या अर्जावर सही त्याची लागायला लागली. माणूस भला होता, आजही मित्र आहे. पण त्या दिवशी मी अर्ज फाडला आणि दुसराच फॉर्म भरला.

कॉलेज सुरू होऊन महिना झाल्यावर आमची डिप्लोमावाल्यांची बॅच वर्गात पोहोचली. गणिताच्या सरांनी फळ्यावर लाप्लास लिहिलं आणि म्हणाले, "हे तुमचं एम-टूमध्ये झालंच आहे, त्यावरून पुढे." कुणाचं झालंय? पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू आम्ही केलेलंच नव्हतं! कागदावर आमचं पहिलं वर्ष झालं असं धरलेलं, डोक्यात मात्र तिथे मोठ्ठा खड्डा. कॅलिफोर्नियात निदान कुठल्या विषयाच्या बदल्यात कुठला विषय धरला जाईल, याची यादी आधी बघायला मिळते. इथे अख्खं वर्ष माफ, आणि माफीची किंमत सप्टेंबरमध्ये कळते. वर्कशॉपमध्ये मी राजा. लेथवर बाकीची पोरं माझ्याकडे बघून काम करायची. एम-थ्रीला मात्र केटी. शेवटी शेजारच्या बाकावरच्या मुलीने (बारावीवाली, स्कॉलर) एक दोनशे पानी वही भरून मला अगदी डेरिव्हेटिव्हपासून शिकवलं. बदल्यात तिचे वर्कशॉपचे जॉब मी बघायचो. दुसऱ्या खेपेला सुटलो.

हे सगळं मी त्या पोराला बसमध्ये सांगितलं. म्हटलं, फीचं फार घाबरू नकोस. कॅपमधून प्रवेश आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी निम्म्यावर येते. बहिणीलाही सांग, त्याच गटातल्या मुलींना २०२४ पासून ती पूर्ण माफ आहे. नोकरी सांभाळून शिकायचा पर्यायही आहे. एआयसीटीईने २०२३ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतल्या डिग्री कोर्सना परवानगी दिलीय. तो हसला. "सर, ते बघितलं. पण आपली शिफ्ट दर आठवड्याला फिरते. संध्याकाळचं कॉलेज सेकंड शिफ्टला कसं करू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग खरी भीती बोललो. तीन वर्षांनंतर हातात काहीतरी असतं, हा डिप्लोमाचा मोठा फायदा. बारावी सायन्सला कोण नोकरी देतंय? पण तोच घातही करतो. ओव्हरटाइम मिळतो, बाइकचा हप्ता सुरू होतो, दिवाळीला बोनस. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारे माझ्या बॅचचे चौघे अजून बघतायत. त्यातले दोघे मजेत आहेत, हेही खरं. सगळ्यांनी डिग्री केलीच पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण याने स्वतःहून फॉर्म भरलाय. दोन वर्षं पगार खाऊनही भरलाय.

"जा," म्हटलं. "पण घरी आधी हिशोब मांड. आणि आजपासून इंटिग्रेशन काढ."

शुक्रवारी शिफ्ट सुटताना तो पुन्हा आला. वडिलांशी बोलणं झालंय. ते रात्रीचीही रिक्षा चालवायला तयार आहेत, आणि याला नेमकं तेच नकोय. रिपोर्टिंगची शेवटची तारीख बुधवार. राजीनामा टाइप केलाय, दिलेला नाही. जाता जाता विचारलं, "सर, ती वही आहे का अजून?"

आईने माळ्यावरून काढून ठेवलीय. लाप्लासच्या पानावर चहा सांडलाय, बाकी सगळं वाचता येतं.