नव्वद सेकंदांत न बसणारी माणसं

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्रीनंतर अमेरिकेला किंवा युरोपला निघालेल्या विमानाच्या गेटपाशी थोडा वेळ उभं राहून पाहा. सगळ्यांच्या आधी आत जातात त्या व्हीलचेअर. एकामागोमाग एक. कुणाचे गुडघे बदललेले, कुणाला चार पावलांवर दम लागतो, तर कुणी नुसतंच लांबच्या चालण्याला आणि परक्या भाषेला घाबरलेलं. मुलाकडे, मुलीकडे, नातवंडांसोबत काही महिने राहायला निघालेली ही पिढी. गेल्या वर्षी माझी आई या रांगेत होती. वय ७६, दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. मी तिच्या सोबत होतो.

उड्डाणाआधी केबिन क्रूने नेहमीप्रमाणे दरवाजे दाखवले, पट्टा लावून दाखवला. नेहमीप्रमाणे कुणी पाहिलं नाही. आईने मात्र नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘अरे, खरंच असं काही झालं, तर त्या घसरगुंडीवरून मी कशी उतरणार?’’ मी म्हणालो, ‘‘काही होत नाही गं.’’ विमान प्रवास इतका सुरक्षित आहे, की हे वाक्य बहुतेक वेळा खरंच ठरतं. पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. उत्तर शोधायला गेल्यावर लक्षात आलं, की नियम लिहिणाऱ्यांनीही तो प्रश्न पुरता सोडवलेला नाही.

नियम असा आहे : ४४ पेक्षा जास्त आसनांचं प्रवासी विमान बनवायचं असेल, तर त्यातले सगळे प्रवासी आणि कर्मचारी ९० सेकंदांत जमिनीवर उतरू शकतात हे निर्मात्याने सिद्ध करावं लागतं. तेही निम्मेच दरवाजे वापरून, रात्रीच्या अंधारात, कोणते दरवाजे उघडतील हे कुणालाही आधी न सांगता. वाटेत पिशव्या, उश्या, ब्लँकेट पसरलेली असतात. २००६ साली हॅम्बुर्गमध्ये एअरबसच्या दुमजली ‘ए-३८०’ची अशी चाचणी झाली, तेव्हा ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा पराक्रमच.

एवढी घाई कशासाठी, हे समजून घ्यायला हवं. विमानाला आग लागते, तेव्हा माणसं सहसा ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने मरतात. आसनांमधला फोम आणि भिंतींचं प्लास्टिक जळू लागलं, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतात. पहिला वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दुसरा पेशींना मिळालेला प्राणवायू वापरूच देत नाही. दाट धुरात थोडे श्वास घेतले, तरी माणूस गोंधळतो, मग त्याचे पाय चालत नाहीत. हृदयविकार किंवा दमा असेल, तर ही वेळ आणखी लवकर येते.

१९८३ साली ‘एअर कॅनडा’चं एक विमान आतल्या आगीमुळे अमेरिकेतल्या सिनसिनाटीला तातडीने उतरवण्यात आलं. उतरेपर्यंत सगळे ४६ जण जिवंत होते. दरवाजे उघडले, बाहेरची हवा आत शिरली आणि साधारण ६० ते ९० सेकंदांत आतला सगळा भाग एकदम पेटला. २३ जण बाहेर पडू शकले नाहीत. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या धावपट्टीवर ‘ब्रिटिश एअरटूर्स’च्या विमानाचं इंजिन पेटलं. विमान हवेत गेलंच नव्हतं, तरी १३७ पैकी ५५ जण दगावले आणि त्यांतल्या बहुतेकांचा जीव विषारी धुराने घेतला. आज विमानाच्या जमिनीलगत दिवे दिसतात, स्वच्छतागृहात धूर ओळखणारं यंत्र असतं, आसनांच्या आवरणांना आग लवकर धरत नाही. अशा सुधारणांमागे या काळातल्या दुर्घटना आहेत.

आता त्या चाचणीतली माणसं पाहू. नियम म्हणतो, चाचणीतल्या प्रवाशांमध्ये किमान ४० टक्के स्त्रिया हव्यात, किमान ३५ टक्के लोक पन्नाशीच्या पुढचे हवेत आणि लहान बाळांच्या जागी तीन बाहुल्या हव्यात. वाचताना हे रास्त वाटतं. पण त्याच नियमात आणखी दोन शब्द आहेत : ‘सामान्य प्रकृतीचे’ लोक. म्हणजे ५२ वर्षांचा, रोज टेकडी चढणारा गृहस्थ ‘पन्नाशीच्या पुढचा’ म्हणून मोजला जातो. माझी आई कशातच मोजली जात नाही. व्हीलचेअरवरून आलेले, वॉकर घेतलेले, नीट न दिसणारे, दोन मुलांना दोन हातांनी धरलेली आई, हे कुणीही त्या ९० सेकंदांत नाहीत.

२०१८ साली अमेरिकी संसदेने विमानातल्या आसनांचा किमान आकार ठरवण्याचा आदेश तिथल्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनला, म्हणजे ‘एफएए’ला दिला. मुदत होती एक वर्ष. ती पाळली गेली नाही. दरम्यान ओक्लाहोमा सिटीत ७७५ स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. आसनांमधलं अंतर कमी केल्याने बाहेर पडण्याच्या वेगावर फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. पण हे स्वयंसेवक १८ ते ६० या वयोगटातले आणि धडधाकट होते. मुलं, वृद्ध, अपंग त्यांत नव्हते आणि हे खुद्द ‘एफएए’नेच मान्य केलं. ज्यांना अरुंद जागेतून उठायला सगळ्यात जास्त त्रास होतो, त्यांना वगळून अरुंद जागेचा त्रास मोजला गेला.

हे माणसांचं झालं. साधनांचं काय? नियमाप्रमाणे आपत्कालीन घसरगुंडी, म्हणजे स्लाइड, उलगडायला लागल्यापासून साधारण सहा सेकंदांत फुगून उभी राहायला हवी आणि ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यातही ती वापरता यायला हवी. प्रत्यक्षात काय घडतं? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० साली ४६ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्लाइड वापरल्या गेलेल्या ज्या १९ घटना बारकाईने तपासल्या, त्यांपैकी सातमध्ये किमान एका स्लाइडने दगा दिला होता. त्याच अभ्यासात, विचारणा केलेल्या प्रवाशांपैकी जवळपास निम्म्यांनी सामान बरोबर काढण्याचा प्रयत्न केल्याचं सांगितलं.

२०१६ साली तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या ‘एमिरेट्स’च्या विमानात हे दोन्ही एकत्र घडलं. विमान धावपट्टीवर आपटलं आणि पेटलं. वाऱ्याने काही स्लाइड निकामी केल्या आणि आत लोक डोक्यावरच्या कप्प्यांतून बॅगा काढत होते. सगळे ३०० जण वाचले, पण बाहेर पडायला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागला. पुढे काही मिनिटांत इंधनाची टाकी फुटली आणि एका अग्निशामक जवानाचा त्यात मृत्यू झाला.

याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर ‘जपान एअरलाइन्स’चं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. पण प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण बाहेर आले. आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले, ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली होती, क्रूने मेगाफोनवरून सूचना दिल्या आणि प्रवाशांनी बॅगा जागेवर सोडल्या. तरीही शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उतरल्यापासून सुमारे १८ मिनिटं गेली. आग केबिनमध्ये शिरायला वेळ लागला, म्हणून ती मिनिटं मिळाली. ती प्रत्येक वेळी मिळतीलच असं नाही.

यावर विमान उद्योगाचं एक म्हणणं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. या चाचण्या धोकादायक असतात. १९९१ साली कॅलिफोर्नियात ‘एमडी-११’ विमानाच्या चाचणीत साठ वर्षांच्या एका स्त्रीला स्लाइडवर इतकी गंभीर इजा झाली, की तिला कायमचा पक्षाघात झाला. हॅम्बुर्गच्या यशस्वी चाचणीतही एकाचा पाय मोडला होता. मग पंचाहत्तरीच्या माणसांना अंधारात उंचावरून खाली ढकलायचं का? अजिबात नाही. तशी मागणी कुणी शहाणा माणूस करणार नाही.

पण खऱ्या माणसांना धोक्यात न घालता खरा हिशेब मांडता येतो. आसनावरून उठून मधल्या वाटेत यायला ऐंशीच्या माणसाला किती वेळ लागतो, हे सुरक्षितपणे मोजता येतं. ते आकडे संगणकीय प्रतिकृतीत घालता येतात. ब्रिटनच्या ग्रिनिच विद्यापीठात विमानातून बाहेर पडण्याच्या अशा प्रतिकृतींवर अनेक वर्षं काम झालेलं आहे. अशा हिशेबात ९० ऐवजी १३० सेकंद आले, तर तेही कळू दे. मग दरवाजे किती हवेत, आसनं किती कमी करावीत, क्रू किती वाढवावा, यावर बोलता येईल. आज ती चर्चाच होत नाही, कारण कागदावर सगळे ९० सेकंदांत उतरलेले आहेत.

इथे एक जुनी गोष्ट आठवावी. १९६५ साली अमेरिकेत हा नियम आला, तेव्हा मर्यादा १२० सेकंदांची होती. दोनच वर्षांनी ती ९० वर आणली गेली, मुख्यतः स्लाइडचं तंत्र सुधारलं म्हणून. म्हणजे हा आकडा काही दगडावर कोरलेला नाही. साधनं बदलली, तेव्हा नियम बदलला. आता प्रवासी बदलले आहेत. माणसं जास्त जगतात, आजारपणासकट जास्त प्रवास करतात, अधिक दाटीच्या रांगांमध्ये बसतात. मग आता नियम का बदलू नये?

‘हे अमेरिकेने पाहावं, आपण काय करणार?’ असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मोठ्या विमानांची ही चाचणी अमेरिका आणि युरोपच्या नियामकांपुढे होते आणि आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्यांची मान्यता स्वीकारतं, हे खरंच आहे. पण २०२३ साली ‘इंडिगो’ने ५०० आणि ‘एअर इंडिया’ने ४७० विमानांची मागणी नोंदवली. एवढं मोठं गिऱ्हाईक दुकानात उभं असताना त्याने मालाबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत, असं थोडंच आहे? आंतरराष्ट्रीय बैठकांमध्ये वृद्ध आणि अपंग प्रवाशांचा हिशेब चाचणीत घ्या, ही मागणी भारताने लावून धरायला हवी. व्हीलचेअरच्या त्या रांगा आपल्याच आहेत.

बाकी गोष्टींसाठी तर कुणाच्या परवानगीची गरज नाही. आपल्या भूमीवर विमान तातडीने रिकामं करण्याची प्रत्येक घटना, मग कुणाला खरचटलं नसलं तरी, ठरावीक नमुन्यात नोंदवून लोकांपुढे ठेवावी : किती स्लाइड उघडल्या, किती अडल्या, किती वेळ लागला, किती बॅगा खाली आल्या. मदतीची गरज असलेल्या प्रवाशाला त्याच्या सोबत्यापासून वेगळं बसवायचं नाही, हे सक्तीचं करावं; शेजारची जागा हवी तर जास्त पैसे मोजा, हा प्रकार सुरक्षेच्या बाबतीत तरी नको. आणि अशा प्रत्येकाला विमान सुटण्याआधी क्रूने त्याला समजेल अशा भाषेत, जवळ जाऊन, दोन मिनिटं सांगावं : तुमचा दरवाजा कोणता, तुम्हाला कोण धरेल, स्लाइडवर कसं बसायचं.

आपल्या हातातही थोडं आहे. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायांत बूट ठेवावेत. आपल्या आसनापासून पुढचा आणि मागचा दरवाजा किती रांगांवर आहे, ते मोजून लक्षात ठेवावं. वृद्ध माणसं बॅग सोडायला तयार नसतात, कारण पासपोर्ट आणि औषधं तिच्यात असतात. ती एका चपट्या पाऊचमध्ये घालून अंगावरच ठेवायला द्यावीत; मग ‘बॅग राहू दे’ म्हटल्यावर ती ऐकतील.

परतीच्या प्रवासात मी आईला मधल्या वाटेलगतची जागा घेऊन दिली. त्यासाठी जास्त पैसे भरावे लागले. बसल्यावर आम्ही दोघांनी मिळून रांगा मोजल्या. पुढचा दरवाजा सहा रांगांवर होता. ‘‘सहा म्हणजे जमेल,’’ ती म्हणाली. जमेल की नाही, हे तिचं वय आणि तिचे गुडघे धरून कुणीतरी मोजलेलं असायला हवं. अजून ते मोजलेलं नाही.